आक्कांनी न धुतलेली पट्टी

कोल्हापूर मागे पडून अर्धा तास झाला असेल. कंडक्टर गाडीच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, “कुनाच्या पिशवीत काय मेलंय?”

कोणी बोललं नाही. मीही गप्प बसले, कारण ते माझ्याच पिशवीत होतं. मेलेलं असं काही नव्हतं. पंधरा दिवस पाण्यात कुजवलेलं गवत गाळून मी ते पाणी बाटलीत भरलं होतं आणि बूच घट्ट लावलंय अशी माझी समजूत होती. शेजारच्या आजींनी पदर नाकाला लावला. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ उंदीर शोधायला सीटखाली वाकले, तेव्हा मात्र मला राहवेना. मी बाटली वर धरली.

“औषध हाय व्हय?” कंडक्टरने लांबूनच विचारलं.

“डासांसाठी आहे.”

“डास मरत्यात?”

“नाही. येतात.”

 त्याने स्वतःच्या जेवणाच्या डब्याची प्लास्टिकची पिशवी काढून मला दिली, बाटली तिच्यात घालून दोन गाठी मारायला लावल्या आणि मला खिडकीशी बसवलं. निपाणीला उतरताना मी आभार मानले, तर म्हणाला, “र्‍हाऊ दे. पर परत जाताना दुसरी गाडी बघा.” या प्रवासात ज्यांनी माझ्यावर उपकार केले त्यांच्या यादीत तो पहिला. यादी बरीच लांब आहे, म्हणून तर लिहायला बसले.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत डास वाढवते. वीस-बावीस वर्षं हेच करतेय. मारायचे सोडून वाढवता कशाला, असं लोक विचारतात. सांगून सांगून थकले आहे, तरी एकदा सांगते. डासाच्या मादीचं सगळं आयुष्य वासावर चालतं. आपला श्वास, घाम, पावलांचा वास यांवरून ती आपल्याला हुडकून काढते. रक्त पोटात गेलं की काही दिवसांनी तिला अंडी घालायची असतात. मग तिला आपल्यात काडीचाही रस नसतो. ती पाणी शोधत हिंडते. आणि कुठलंही पाणी तिला चालत नाही. ज्या पाण्यात आधी कुणी अंडी घातली, जिथे पिल्लं वाढली, त्या पाण्याला एक वास येतो. आपल्याला नाही येत, तिला येतो. इथे पोरं जगतात, तूही ये, असा तो निरोप असतो. एकीने ठेवलेला निरोप दुसरी वाचते, दुसरीचा तिसरी. हे निरोप चोरून वाचणं हे माझं काम. कुजक्या गवताचं पाणी ही आम्ही केलेली त्याची ओबडधोबड नक्कल.

सुरेखा दोन वर्षं माझ्या हाताखाली होती. मुलगी निपाणीची, आणि हात असा सफाईचा की पिंजऱ्यातून एक डास सुटायचा नाही. मग लग्न होऊन बेळगावच्या वडगावात गेली, विणकरांच्या घरात. गेल्या वर्षी तिला डेंगी झाला आणि त्यात चौथ्या महिन्यात पोट पडलं. यंदा पुन्हा दिवस गेले. सप्टेंबर संपता संपता तिचा फोन आला तेव्हा सातवा लागला होता. डेंगी दुसऱ्यांदा झाला तर पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकतो, हे मीच कधीतरी तिला शिकवलं होतं.

“मॅडम, घरात डास आहेतच,” ती म्हणाली. “कुठून येतात तेच सापडत नाही. सासूबाई म्हणतात, निपाणीला वडिलांकडे जा. मला इथली डॉक्टर सोडून जायचं नाही. तुम्ही याल का?”

मी चार दिवसांची रजा टाकली.

निपाणी

वाटेत निपाणी लागते, तेव्हा ते घरही बघून घ्यावं असं ठरवलं होतं. वखारींच्या गल्लीत शिरल्यापासून मी शिंकत होते. तिथे भिंतींनासुद्धा तंबाखूचा वास येतो. सुरेखाच्या वडिलांचं, अण्णांचं, सगळं आयुष्य वखारीत गेलं. त्यांना माझ्या शिंकांचं फार हसू आलं.

“ह्योच तर फायदा हाय बाई,” ते म्हणाले. “तंबाकूच्या वासानं हितं डास फिरकत न्हाय. पोरगी सुखरूप र्‍हाईल.”

हे ते बोलत असताना त्यांच्या मनगटावर एक मादी येऊन बसली. काळी, पायांवर पांढरे पट्टे. सकाळचे अकरा वाजले होते. डेंगीचा डास दिवसाच चावतो. मी बोटाने दाखवली. अण्णांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन तिला निरखलं.

“परगावची असंल,” ते म्हणाले.

मागच्या अंगणात पाण्याची तीन पिंपं होती, कारण नळाला रोज पाणी नसतं. एकाचं झाकण उचललं तर आत नुसती वळवळ. परगावचं कुणी नव्हतं. अण्णा ओशाळले. मग आम्ही दोघांनी पिंपं रिकामी करून काथ्याने घासली. हात धुतल्यावर त्यांनी मला लेकीसाठी तयार केलेली खोली दाखवली. भिंतींना ताजा चुना, नवी खाट, खिडकीला स्वतः ठोकलेली जाळी. भिंतीवर बायकोचा फोटो.

“तिची आई न्हाय,” अण्णा म्हणाले. “पर मी हाय की.”

दुपारी त्यांनी स्वतः केलेला झुणका आणि शेजारणीने थापलेल्या ज्वारीच्या भाकरी वाढल्या. माझे डोळे वाहायला लागले तेव्हा मी तिखटाचं निमित्त सांगितलं. निघताना ते गाडीपर्यंत आले. “कुठं ठिवायची पोरीला, ते तुमीच सांगा,” म्हणाले. “माझं प्रेम आंधळं हाय, तिच्या सासूचं भित्रं हाय. तुमी सांगशीला ते आमी दोघंबी ऐकू.” इतका मोठा विश्वास एका घाणेरड्या बाटलीच्या भरवशावर घेऊन मी बेळगावच्या गाडीत बसले.

वडगाव

वडगावच्या त्या गल्लीत सकाळपासून यंत्रमाग चालतात. दोन्ही बाजूंनी खडखड इतकी की माणसं घरातसुद्धा ओरडून बोलतात. फक्त सुरेखाच्या घरातून आवाज येतो तो वेगळा, सावकाश, एका लयीत. तो तिच्या सासऱ्यांचा, आप्पांचा हातमाग. हा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो. खोली अंधारी आणि ओलसर ठेवतात, कारण ओल असली की सूत तुटत नाही. सुरेखाचा नवरा महादेव दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रमागावर असतो. घरचा माग आप्पा चालवतात, आणि बाजूला बसून सुरेखा रहाटावर कांड्या भरते. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी.

आक्का, म्हणजे सुरेखाच्या सासूबाई, दारातच उभ्या होत्या. “आलासा व्हय? या की,” म्हणाल्या, आणि मी चप्पल काढेपर्यंत माझ्यापुढे ताट होतं. आमच्या पुण्याकडे पाहुण्याला विचारून वाढतात. आक्का आधी वाढतात, मग विचारतात, आणि उत्तर काहीही आलं तरी पुन्हा वाढतात. भरल्या वांग्याची तिसरी खेप मी हात आडवा धरून अडवली, ती भातावर पडली.

घर आरशासारखं लख्ख होतं. दर शुक्रवारी आक्का घरातलं प्रत्येक भांडं, प्रत्येक बादली रिकामी करून वाळवतात. टाकीला झाकण, झाकणावर दगड. तरीही दुपारी अर्ध्या तासात मी चार माद्या मोजल्या. हा डास फार लांब उडत नाही. तो आहे म्हणजे त्याचं पाणी जवळ आहे.

मी बाटलीच्या पिशवीच्या गाठी सोडल्या. सहा काळे प्लास्टिकचे पेले काढले, त्यांत कुजक्या गवताचं पाणी घातलं, आणि प्रत्येकात पांढऱ्या जाड कागदाची एकेक पट्टी उभी केली. मादी वासाने येते आणि ओल्या पट्टीवर अंडी चिकटवते. कुठल्या पेल्यात जास्त अंडी पडतात त्यावरून ती घरात कुठे वावरते ते कळतं. पेले न्हाणीत, परसात, जिन्याखाली, माजघरात, टाकीजवळ आणि मागाशेजारी ठेवले. आक्का नाकाला पदर लावून बघत होत्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर सहाही पेले ओट्यावर पालथे, चकचकीत. आणि दोरीवर धुण्याशेजारी सहा पट्ट्या, प्रत्येकीला चिमटा लावलेला.

“आक्का!”

“घासली मी पहाटं,” आक्का म्हणाल्या. “लई वास मारायलता. पाव्हणीची भांडी अशी घाण ठिवायची व्हय आमी?”

“अहो, त्या पट्ट्यांवर अंडी असतील!”

“व्हती की,” आक्का शांतपणे म्हणाल्या. “काळं काळं काय तर चिकटलतं. लई तरास दिला त्यानं.”

मला राग आला की लपत नाही. मी चार दिवसांसाठी आलेय, एक दिवस वाया गेला, आता पाणीसुद्धा उरलं नाही, असं बरंच काही बोलले. आक्कांचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी हसायला लागलं. सुरेखा दाराच्या चौकटीला टेकून, पोटाला हात लावून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आक्का तिच्याकडे बघतच राहिल्या, मग हळूच मला म्हणाल्या, “वर्सात पैल्यांदा हासली बगा.” माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या धुतलेल्या पट्ट्यांबद्दल आज मी आक्कांची ऋणीच आहे.

मी पुण्याला फोन करून रजा वाढवली.

खडेबाजार

नवं गवत महादेवने शहराबाहेरून, हिंडलग्याच्या बाजूने आणलं. ते कुजायला निदान तीन दिवस हवेत. आक्कांनी त्यासाठी परसात एक फुटकी बादली दिली आणि तिच्याकडे पाठ करून भांडी घासू लागल्या. तीन दिवस पाहुणीला घरात काय बसवायचं, म्हणून एका सकाळी त्या मला खडेबाजारात घेऊन गेल्या.

आक्का रिक्षावाल्याशी हिंदीत भांडल्या, दुकानदाराशी कन्नडात हसल्या आणि माझ्याशी मराठीत कुजबुजल्या, तेही एका दमात. मला आयुष्यभर एकाच भाषेत भांडता आलं आणि तेही धड नाही. मिठाईच्या दुकानात “बर्री आक्का, बर्री,” म्हणजे या, या, असं म्हणत दुकानदाराने माझ्या तळहातावर गरम कुंदा ठेवला. दूध आटवून आटवून तपकिरी केलेला, जिभेवर ठेवला की विरघळणारा. मी सुरेखासाठी वेगळा बांधून मागितला. “तिला माझ्याकडनं,” म्हटलं.

परतताना लहान मुलांच्या कपड्यांचं एक दुकान लागलं. दारावर झबली, टोपडी टांगलेली. आक्का तिथे आल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. मला वाटलं, सावलीसाठी. थोडं पुढे गेल्यावर त्याच बोलल्या.

“गेल्या खेपंला मी हितनं टोपडं घेतलतं. चौथा म्हैनाबी भरला न्हवता, पर राहवलं न्हाई. आठ दिसांत ताप आला तिला.” त्या जरा थांबल्या. “औंदा मी ह्या दुकानाकडं बगत न्हाई. म्हणून म्हनते बाई, तिला निपाणीला धाडा. मला ह्या घराचं भ्या वाटतंय.”

मी त्यांचा हात धरला. पेल्यांवरून ओरडले होते त्याची लाज वाटली आणि तसं बोलूनही दाखवलं. आक्का म्हणाल्या, “खुळ्या हैसा,” आणि मला उसाचा रस पाजला.

कुंडी

नव्या पाण्याचे पेले मांडले. या वेळी पहारा सुरेखाचा होता. तिसऱ्या दिवशी मी पट्ट्या काढून भिंगाखाली धरल्या. परसातल्या पट्टीवर थोडी अंडी होती, न्हाणीतल्या, माजघरातल्या, टाकीजवळच्या पट्टीवरही. जिन्याखाली बरीच. फक्त मागाशेजारची पट्टी कोरी होती. एक ठिपका नाही.

मला हे पटेना. सगळ्यात जास्त डास मागाच्या खोलीत होते. सुरेखाच्या पोटऱ्यांवरचे फोड तिथलेच. मग तिथे अंडी का नाहीत? विचार करत मी आप्पांच्या शेजारी खड्ड्यात पाय सोडून बसले. आप्पा बारीक अंगाचे, मोजकं बोलणारे. हात चालू, पाय चालू. मधूनमधून त्यांचा डावा हात न बघता बाजूला जायचा आणि एक भिजलेली कांडी घेऊन यायचा. तिसऱ्यांदा तो हात गेला तेव्हा मी त्याच्या मागे पाहिलं. खड्ड्याच्या कोपऱ्यात, फळीखाली, एक दगडी कुंडी होती. सूत मऊ राहावं म्हणून कांड्या तिच्यात भिजत घालतात. कुंडी दोन हातांत कशीबशी मावेल एवढी, आतून हिरवी, बुळबुळीत. मी तोंड खाली नेऊन पाहिलं.

“आप्पा, यात काहीतरी वळवळतंय.”

“वळवळतंय की,” आप्पा अभिमानाने म्हणाले. “किडं हैत म्हंजे पाणी जितं हाय. माझ्या आज्याची कुंडी ही. रोज सकाळी तांब्याभर नवं पाणी वर घालायचं, जुनं टाकायचं न्हाई. म्हणून तर सूत असं लोण्यावानी जातंय.”

डासाच्या मादीचं अगदी हेच मत असतं. जिथे वळवळ आहे ते पाणी चांगलं. तीन पिढ्यांचे निरोप त्या दगडाला चिकटून बसले होते. शेजारी एवढं अस्सल असताना माझ्या नकली पाण्याकडे कोण बघणार? आक्का दर शुक्रवारी सगळं घर वाळवत होत्या, पण कुंडी घरची नव्हे, मागाची. तिला त्या हात लावत नसत.

मला इतका आनंद झाला की काही सुचेना. आप्पा जेवायला उठले तशी मी कुंडी उचलली, परसात नेऊन ओतली, चुलीवरचं कढत पाणी घातलं, काथ्याने खसाखसा घासली आणि निथळायला पायरीवर पालथी ठेवली. प्रयोगशाळेत धुतलेलं भांडं पालथंच ठेवतात. आक्कांनी माझे पेलेही तसेच ठेवले होते.

आक्का तांदूळ पाखडत बाहेर आल्या. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

“कुणी केलं ह्ये?”

मी म्हटलं, मी. त्यांनी सूपही उचललं नाही. आत गेल्या, आणि मला कपाट उघडल्याचा आवाज आला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सुरेखा बाहेर आली, पांढरीफटक. तिने मला हळू आवाजात सांगितलं. मागाची कुंडी कधी पालथी घालत नाहीत. विणणारा गेला की घालतात. आप्पांचे वडील गेले तेव्हा ती तेरा दिवस पालथी होती. गल्लीत ज्यांनी माग विकले त्यांनीही कुंड्या दारात पालथ्या घातल्या, आणि लोक भेटायला आले ते दुखवट्याला यावं तसे. “आणि मॅडम, मी अशी,” एवढं बोलून ती थांबली. आत आक्का तिची निपाणीची पिशवी भरत होत्या.

आप्पा जेवण अर्धवट टाकून आले. त्यांनी कुंडी पाहिली. दोन्ही हातांनी उचलून सरळ केली.

“आप्पा, चुकलं माझं,” मी म्हटलं. “मला माहीत नव्हतं.”

“हूं,” म्हणाले, आणि मागाच्या खोलीत जाऊन बसले. दुपारभर तिथून आवाज आला नाही. मीही माझी पिशवी भरली. ज्यांनी मला आठ दिवस लेकीसारखं जेवू घातलं त्यांच्या दारात मी अवदसा आणून ठेवली होती. पेले घासल्याबद्दल मी आक्कांवर किती ओरडले होते, ते सारखं आठवत होतं.

सकाळी उठले तरी माग बंदच. पिशवी घेऊन परसात आले तर आप्पा उन्हात बसलेले. समोर कुंडी, एका बाजूला विटेचा तुकडा लावून कलती केलेली, तोंड सूर्याकडे.

“बाई, नीट घासली न्हाईसा तुमी,” ते म्हणाले. “काठाखाली र्‍हाईलंय की.” त्यांनी अंगठा पुढे केला. नखावर काळे ठिपके होते. “हीच अंडी व्हय?”

“हो.”

“वाळली की मरत्यात?”

“नाही आप्पा. महिनोन्‌महिने कोरडी राहतात. पाणी लागलं की उठतात. आणि त्यांचा वास म्हणजे दुसऱ्यांना निरोपच, त्यावर त्या येतात.”

आप्पांनी अंगठा कुंडीच्या काठावरून फिरवला. “मी रोज ह्यात हात घालत हुतो,” म्हणाले. “आनी पोरगी शेजारी बसून कांड्या भरत हुती. गेल्या साली बी हितंच बसलती.”

 मी पिशवी खाली ठेवून त्यांच्याजवळ बसले. आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले, काथ्या उचलला आणि पुन्हा काठ घासायला लागले.

“पालथी तुमी घातलीसा,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “तुमी विणकर न्हवं. तुमचं धरायचं न्हाई. आता मी उनात ठिवलीया, तोंड वर हाय बगा.” ऊन सरकलं तशी त्यांनी कुंडी थोडी फिरवली. तान्ह्या पोराला कोवळ्या उन्हात या कुशीवरून त्या कुशीवर करावं, तशी. “तीन दिस माग बंद ठिवतो. मग दर शुक्रवारी घासीन मी सोता. निरोप पुसायचा म्हंजे पुसायचा. पोरगी कुठं जात न्हाई.”

आक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या हे मला तेव्हा दिसलं. त्या आत गेल्या, कढत पाण्याचा हंडा घेऊन आल्या आणि धार लावून कुंडीच्या काठावर ओतू लागल्या.  हंडा संपला तशा परत आत गेल्या, आणि खिडकीतून मी पाहिलं, पिशवीतले कपडे एकेक करून कपाटात परत जात होते.

मी अण्णांना निपाणीला फोन लावला. सुरेखा इथेच राहतेय हे त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बरं झालं. मग मीच यतो तकडं.” आले, आणि नवी खाट टेंपोत घालून घेऊन आले.

चौथ्या दिवशी माग सुरू झाला. आप्पांनी पहिलं काय विणलं असेल, तर हातभर लांबीचं जाड, घट्ट कापड. त्याला दोरी ओवली आणि काम थांबलं की कुंडीच्या तोंडावर बांधायला ते तयार केलं. “टोपडं शिवलंय कुंडीला,” आप्पा म्हणाले. तो शब्द ऐकून सुरेखाने आक्कांकडे पाहिलं, मीही. आक्का जवळ आल्या, कापडाची कड दोन बोटांनी चाचपली, दोरीची गाठ नीट केली.

“बरं बसलंय,” म्हणाल्या. आणि मग, कुणाकडेही न बघता, “थोडं कापड उरलं असंल तर ठिवा.”

मी निघाले तेव्हा माझ्या पिशवीत कुंदा होता, कागदात जपून बांधलेले मांडे होते, खर्डा होता आणि आप्पांनी दिलेलं एक खणाचं कापड. मागाशेजारी मी एक पेला मांडून आले होते. सुरेखाला सांगितलं, दर आठ दिवसांनी पाणी आणि पट्टी बदल, आणि बाळंतपणाला निघशील तेव्हाची शेवटची पट्टी मला पाठव. आक्कांना हात जोडून सांगितलं, ती तेवढी धुऊ नका.

पुणे

डिसेंबरच्या एका सकाळी महादेवचा फोन आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मागून आक्का कन्नडात कुणाला तरी तीच बातमी सांगत होत्या, आणि त्यांच्याही मागून एक बारीक, चिडका आवाज येत होता. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत पांढरी पट्टी, आणि चिठ्ठीवर सुरेखाचं अक्षर: ‘दवाखान्यात निघाले त्या सकाळी काढली. मागाशेजारची. आठ दिवस पेल्यात होती.’ मी ती भिंगाखाली धरली. एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, कडा पाहिल्या. एकही ठिपका नाही. पहिल्या वेळी इथली पट्टी कोरी होती ती शेजारी कुंडी होती म्हणून. आता कुंडीला टोपडं होतं, आणि मादी असती तर तिला जायला हा एकच पेला होता. तरी माझ्या मनात शंका आलीच. कारण आक्कांचं घर मी पाहिलं होतं.

मी पट्टी नाकाशी नेली. साबणाचा वास नव्हता. कुजक्या गवताचा होता, डोक्यात जाणारा, एसटीतल्या लोकांना मेलेला उंदीर वाटला होता तोच. मी आणखी एकदा खोल श्वास घेतला आणि मला रडू यायला लागलं.

“शी! कसला वास सुटलाय?” शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

“बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा,” मी म्हटलं.